तीन क्लब बुडाले तो हंगाम: इंग्लंडच्या 2022-23 च्या रग्बी प्रीमियरशिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियरशिप म्हणजे फुटबॉलची प्रीमियर लीग का?

नाही. नावं सारखी असल्याने हा घोटाळा हमखास होतो. प्रीमियर लीग फुटबॉलची आणि प्रीमियरशिप रग्बी युनियनची. इंग्लंडमधल्या क्लब रग्बीची ही सर्वांत वरची पायरी. त्या काळात प्रायोजकाच्या नावावरून तिला गॅलाघर प्रीमियरशिप म्हणत. शुक्रवार ते रविवार सामने, सप्टेंबर ते मे-जून असा लांबलचक हंगाम, शेवटी पहिल्या चार संघांत उपांत्य फेरी आणि लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर अंतिम सामना, असा तिचा साचा आहे.

मग 2025 मध्ये मुंबईत झाली ती रग्बी प्रीमियर लीग?

ती पूर्ण वेगळी. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात जूनमध्ये झालेली ती स्पर्धा सात-सात खेळाडूंच्या रग्बीची होती आणि चेन्नई बुल्सने ती जिंकली. सातांच्या रग्बीत सामना पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. इथे ज्या रग्बीबद्दल बोलतोय तिच्यात प्रत्येक बाजूला 15 खेळाडू असतात आणि ऐंशी मिनिटं खेळ चालतो. हीच पंधरांची रग्बी मुंबईत पाहायची असेल तर आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर कित्येक पिढ्या ती खेळली जात आहे. पावसाळ्यातल्या चिखलात ती पाहिलेल्या माणसाला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तो प्रकार, समजावून सांगावा लागत नाही.

मला रग्बीतलं काहीच कळत नाही. गुण कसे मोजतात?

चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे 5 गुण. त्यानंतरची किक दोन खांबांच्या मधून गेली तर आणखी 2. पेनल्टीची किक 3 गुणांची, चालू खेळात मारलेला ड्रॉप गोलही 3 गुणांचा.

गुणतक्त्याचा हिशेब वेगळा. विजयाला 4 गुण, बरोबरीला 2. सामन्यात चार किंवा जास्त ट्राय केले तर एक बोनस गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरी एक बोनस गुण. त्यामुळे हरणारा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून खेळतो. तीस गुणांनी मागे पडलेला संघ चौथ्या ट्रायसाठी धावताना दिसला तर तो वेडेपणा नव्हे, त्यामागे गणित आहे.

वूस्टर की वॉर्सेस्टर? लेस्टर की लायसेस्टर?

या लीगमधल्या क्लबांच्या नावांचे उच्चार वूस्टर, लेस्टर, ग्लॉस्टर. इंग्रजी स्पेलिंगकडे बघून फसू नका.

इतके हंगाम असताना 2022-23 बद्दलच का लिहिलंय?

कारण या एका हंगामात लीगने तीन क्लब गमावले. सुरुवातीला 13 संघ होते. सप्टेंबरच्या अखेरीस वूस्टर वॉरियर्स गेला, ऑक्टोबरच्या मध्यात वॉस्प्स गेला. उरलेल्या अकरांनी हंगाम पुरा केला, विजेता ठरला, आणि त्यानंतर दहाच दिवसांत पाचव्या क्रमांकावर आलेला लंडन आयरिशही बाहेर पडला. मैदानावरचं रग्बी मात्र उत्तम होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. आज त्या हंगामाचा गुणतक्ता उघडला तर फक्त अकरा नावं दिसतात, म्हणून हे पान लिहायला घेतलं.

हंगामाची सुरुवात कशी झाली?

9 सप्टेंबर 2022 च्या शुक्रवारी पहिले दोन सामने व्हायचे होते. आदल्या दिवशी राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं आणि ते दोन्ही पुढे ढकलले गेले. गतविजेता होता लेस्टर टायगर्स. जून 2022 च्या अंतिम सामन्यात बरोबरी होऊन घड्याळ संपत आलेलं असताना फ्रेडी बर्न्सने ड्रॉप गोल मारला आणि लेस्टरने सॅरासेन्सला 15-12 असं हरवलं होतं. सॅरासेन्सला ती सल होती. पुढच्या वर्षी ती कशी भरून निघाली ते पुढे येईलच.

वूस्टरचं नेमकं काय झालं?

क्लब 1871 सालचा. सिक्सवेज हे त्याचं स्वतःचं मैदान. कर थकला होता. साठ लाख पौंडांहून जास्त रक्कम ब्रिटिश कर खात्याला देणं होती, आणि एकूण कर्ज अडीच कोटी पौंडांच्या वर गेलं होतं. कोविडच्या काळात प्रेक्षकांविना क्लब तगावेत म्हणून सरकारने दिलेलं कर्जही त्यातच होतं. ऑगस्टचा पगार कर्मचाऱ्यांना वेळेवर आणि पुरता मिळाला नाही. एक्झिटरविरुद्धच्या घरच्या सामन्याला पाच हजारांपेक्षा कमीच प्रेक्षकांना आत सोडण्याची परवानगी होती. स्टेडियम त्याच्या दुपटीहून मोठं आहे.

इंग्लंडच्या रग्बी संघटनेने, म्हणजे आरएफयूने, मुदत घालून दिली: सोमवार, 26 सप्टेंबर, संध्याकाळी पाच. तोवर विम्याचा पुरावा द्या, पगाराचे पैसे कुठून येणार ते दाखवा, पुढची विश्वासार्ह योजना सादर करा.

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार मला अजून हलवतो. 24 सप्टेंबरला वूस्टरने सिक्सवेजवर न्यूकॅसल फाल्कन्सचा 39-5 असा फडशा पाडला. सोमवारी आपला क्लब असेल की नसेल हे खेळाडूंना ठाऊक नव्हतं. पगाराची खात्री नसलेल्या माणसांनी फाटकं उघडली, काउंटर सांभाळले, मैदान तयार केलं. आणि संघ खेळला कसा, तर हंगामातल्या आपल्या सर्वोत्तम दिवशी खेळतो तसा. सोमवारी मुदत टळली, क्लब निलंबित झाला आणि त्याच दिवशी त्यावर प्रशासक नेमला गेला. 5 ऑक्टोबरला लंडनच्या उच्च न्यायालयाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीत होते ती कंपनी अवसायनात काढली. एका आदेशासरशी सगळे खेळाडू करारमुक्त झाले, म्हणजे खरं तर बेरोजगार.

‘प्रशासक’ आणि ‘अवसायन’ हे शब्द इथे कोणत्या अर्थाने?

आपल्याकडे सहकारी बँक अडचणीत आली की जे दोन शब्द कानावर येतात तेच. प्रशासक येतो तो संस्था सावरता येते का, विकता येते का ते पाहायला. अवसायन म्हणजे ती गुंडाळायची, मालमत्ता विकायची आणि देणेकऱ्यांना जे हाती लागेल ते वाटायचं. ठेवीदारांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना सिक्सवेजच्या फाटकाबाहेरच्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

वॉस्प्स तर मोठा क्लब होता ना? तो कसा बुडाला?

मोठा आणि जुना. 1867 ची स्थापना, म्हणजे आरएफयूपेक्षाही वयाने थोर. 1871 मध्ये आरएफयूच्या स्थापनेची बैठक भरली तेव्हा वॉस्प्सचा प्रतिनिधी चुकीच्या ठिकाणी जाऊन बसला म्हणून संस्थापकांच्या यादीत त्यांचं नाव नाही, अशी आख्यायिका आहे. सहा वेळा इंग्लंडचे विजेते, 2004 आणि 2007 मध्ये युरोपचे विजेते. इंग्लंडचा माजी कर्णधार लॉरेन्स डलालियोचा क्लब.

बुडण्याचं मूळ मैदानात आहे. वॉस्प्स लंडनचा. पण लंडनमध्ये स्वतःचं मैदान नाही, म्हणून कित्येक वर्षं हाय विकम गावात भाड्याने खेळला. 2014 च्या डिसेंबरात त्याने थेट कॉव्हेंट्रीला मुक्काम हलवला, तिथलं बत्तीस हजारांचं स्टेडियम विकत घेतलं. त्यासाठीच्या कर्जाची जुळणी म्हणून 2015 मध्ये साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, साडेसहा टक्के व्याजाने. ते सामान्य गुंतवणूकदारांनी घेतले, त्यांत क्लबचे चाहतेही होते. परतफेड मे 2022 मध्ये करायची होती. मधल्या काळात कोविड आला, स्टेडियम ओस पडलं, प्रदर्शनं आणि मैफलींचं उत्पन्न थांबलं. मे उजाडला तेव्हा पैसे नव्हते. त्यात कर खात्याचीही सुमारे वीस लाख पौंडांची थकबाकी.

12 ऑक्टोबरला वॉस्प्सला निलंबित केलं गेलं, त्या आठवड्यातला एक्झिटरविरुद्धचा सामना रद्द झाला. 17 ऑक्टोबरला, पुन्हा एका सोमवारी, प्रशासक आले आणि खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी मिळून 167 जणांच्या नोकऱ्या त्याच दिवशी गेल्या.

माझं मत विचाराल तर चूक कॉव्हेंट्रीला जाण्यात नव्हती. स्वतःचं घर हवं ही इच्छा रास्तच. पण रग्बी क्लबचं उत्पन्न किती आणि बत्तीस हजार खुर्च्यांचा हप्ता किती, हा मेळ कागदावरसुद्धा बसत नव्हता.

या दोन संघांच्या झालेल्या सामन्यांचं काय केलं?

पुसून टाकले. वूस्टर आणि वॉस्प्सविरुद्धचे सर्व निकाल तक्त्यातून वगळले गेले. प्रत्येक संघाला आधी 24 सामने खेळायचे होते, ते आता 20 झाले. संघांची संख्या विषम, त्यामुळे दर आठवड्याला कुणीतरी घरी बसलेलं.

नियम म्हणून हे बरोबरच आहे. काही संघ वूस्टरशी खेळलेले, काही न खेळलेले. मग तुलना कशी करणार? पण न्यूकॅसलच्या नावापुढे पाहा. तो अकरांत शेवटचा, अकरावा आला. त्याच्या पराभवांच्या आकड्यात 39-5 चा तो पराभव धरलेला नाही. वूस्टरच्या पोरांनी जिवाच्या आकांताने मिळवलेला विजय अधिकृत हिशेबात कुठेच नाही.

मग न्यूकॅसल खालच्या विभागात गेला का?

नाही. कोविडनंतर खाली जाणं थांबवलेलं होतं आणि त्या हंगामातही ते बंदच राहिलं. दुसऱ्या विभागाचा विजेता जर्सी रेड्स वर आला नाही. तो क्लबही पुढच्या सप्टेंबरात, नवा हंगाम नुकता सुरू झालेला असताना, बंद पडला.

पगारावर मर्यादा होती, मग पैसे गेले कुठे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो योग्य आहे. त्या काळात एका संघाच्या खेळाडूंवरच्या एकूण खर्चाला 50 लाख पौंडांची मूळ मर्यादा होती. कोविडमुळे ती 64 लाखांवरून खाली आणलेली. वरती काही सवलती: आपल्या अकादमीतून तयार झालेल्या खेळाडूंसाठी जास्तीची मुभा, एका तारांकित खेळाडूचा पगार मर्यादेबाहेर.

पण मर्यादा ही कमाल खर्चाची रेघ आहे. तेवढी कमाई आहे का, हे ती विचारत नाही. बहुतेक क्लब दरवर्षी तोट्यात जायचे आणि श्रीमंत मालक खिशातून भर घालायचे. मालकाचा उत्साह आटला किंवा खिसा आटला की संपलं. 2018 च्या डिसेंबरात सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने लीगमधला 27 टक्के हिस्सा घेतला तेव्हा क्लबांच्या हाती एकरकमी पैसा आला. पण त्याचा अर्थ पुढच्या प्रत्येक वर्षीच्या उत्पन्नातला तेवढा वाटा कायमचा गेला. मग कोविड, मग सरकारी कर्ज. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक पोतं.

ब्रिटिश संसदेच्या संस्कृती आणि क्रीडाविषयक समितीने नोव्हेंबर 2022 मध्ये आरएफयू आणि लीगच्या प्रमुखांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. क्लबांचे हिशेब आणि मालकांची ऐपत कुणी तपासायची, हा तिथला मुख्य मुद्दा होता. इतक्या उशिरा तो विचारावा लागला याचीच चीड येते. मालकांची ताकद तपासणं ही पहिल्या दिवशी करायची गोष्ट. ती न केल्याची किंमत मैदानावर गवत कापणाऱ्या माणसाने मोजली.

बेरोजगार झालेले खेळाडू कुठे गेले?

हंगामाच्या मध्यावर इतर क्लबांची तिजोरी आणि पगारमर्यादा दोन्ही भरलेल्या, त्यामुळे अनेकांची फरफट झाली. काही परदेशी गेले, काहींनी खेळ सोडला.

सावरलेल्यांपैकी काही नावं सांगण्यासारखी आहेत. वूस्टरचे टेड हिल आणि ऑली लॉरेन्स बाथला गेले, आणि 2025 मध्ये बाथने विजेतेपद मिळवलं. वॉस्प्सचा अल्फी बारबेरीही बाथलाच. वॉस्प्सचा फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेला खेळणारा, जॅक विलिस फ्रान्सच्या तुलूझ क्लबला गेला. परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला इंग्लंड सहसा संघात घेत नाही, पण त्याचा क्लबच उरला नव्हता म्हणून 2023 च्या विश्वचषकापर्यंत त्याला सूट मिळाली. जून 2023 मध्ये तुलूझ फ्रान्सचा विजेता झाला, पुढच्या वर्षी युरोपचाही. नोकरी गेल्यावर आठ महिन्यांत हातात फ्रेंच विजेतेपदाची ढाल! ही गोष्ट सांगताना मला दरवेळी बरं वाटतं.

मैदानावर त्या वर्षी चर्चेचं काय होतं?

बरंच काही, पण मी दोनच गोष्टी सांगतो.

डिसेंबर 2022 मध्ये इंग्लंडने प्रशिक्षक एडी जोन्सना काढलं आणि लेस्टरच्या स्टीव्ह बॉर्थविकना नेलं. गतविजेत्या संघाचा कर्ता माणूस ऐन हंगामात गेला. लेस्टरने रिचर्ड विगल्सवर्थकडे हंगामी सूत्रं दिली. तो तोपर्यंत त्याच संघाचा खेळाडू होता, वय 39. काल ज्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बसत होता त्यांचीच आज त्याने निवड करायची! तरीही लेस्टर तिसरा आला.

दुसरी गोष्ट सेल शार्क्सची. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये खेळणारा हा संघ 2006 नंतर अंतिम फेरीत पोहोचलाच नव्हता. प्रशिक्षक ॲलेक्स सँडरसनच्या हाताखाली तो दुसरा आला. जुळे भाऊ टॉम आणि बेन करी, मनू तुइलागी, आणि 2022 च्या अंतिम सामन्यात लेस्टरकडून खेळताना टाचेची शीर तुटलेला जॉर्ज फोर्ड, बरा होऊन, आता सेलच्या दहा नंबरच्या, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणाऱ्याच्या, जर्सीत.

उपांत्य आणि अंतिम सामन्यांचे निकाल?

उपांत्य: सॅरासेन्स 38, नॉर्दम्प्टन 15. सेल 21, लेस्टर 13.

अंतिम, 27 मे 2023, ट्विकनहॅम: सॅरासेन्स 35, सेल 25.

आकड्यांवरून वाटतो तितका तो एकतर्फी नव्हता. दुसऱ्या अर्धात सेल पुढे होता. सॅरासेन्सने आघाडी परत घेतली, आणि शेवटच्या काही मिनिटांत एलियट डेलीच्या ट्रायने निकाल पक्का झाला. एका बाजूला कर्णधार ओवेन फॅरेल, दुसऱ्या बाजूला फोर्ड. दोघं शाळकरी वयापासूनचे मित्र. पहिल्या अर्धात ‘जस्ट स्टॉप ऑइल’चे दोन आंदोलक मैदानात घुसले आणि त्यांनी हिरवळीवर नारिंगी भुकटी उधळली. खेळ काही मिनिटं थांबला, आणि नंतर त्या नारिंगी डागांवरूनच पुढे चालू झाला.

सॅरासेन्सवर तर पूर्वी कारवाई झाली होती ना?

हो, आणि ती जबर होती. पगारमर्यादा ओलांडल्याबद्दल 2019 च्या नोव्हेंबरात 35 गुणांची कपात आणि 53 लाख 60 हजार पौंड दंड. पुढे आणखी 70 गुण कापले आणि संघ खालच्या विभागात. तिथून तो एका वर्षात परतला, 2022 चा अंतिम सामना हरला आणि 2023 चा जिंकला. हे त्यांचं सहावं विजेतेपद. काही लोक अजून त्यांना माफ करत नाहीत आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. पण शिक्षा भोगून, बहुतेक तेच खेळाडू आणि तेच मार्क मॅकॉल प्रशिक्षक घेऊन पुन्हा वर येणं सोपं नव्हतं, हेही मान्य करायला हवं.

लंडन आयरिश तर पाचवा आला होता. तो का गेला?

चांगलं खेळण्याचा आणि टिकण्याचा संबंध नाही, हे त्याच्याइतकं कुणीच दाखवलं नाही. 1898 चा क्लब, लंडनमधल्या आयरिश माणसांनी काढलेला. 2020 पासून लंडनमधल्याच ब्रेंटफर्डच्या फुटबॉल स्टेडियमवर भाड्याने खेळणारा. त्या हंगामात लीगमध्ये पाचवा, शिवाय प्रीमियरशिप कप या वेगळ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत एक्झिटरकडून हरलेला. संघात हेन्री अरंडेल, टॉम पिअरसन, चँडलर कनिंगहॅम-साउथ यांच्यासारखी एकाहून एक तरुण पोरं.

मालक मिक क्रॉसन यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतला होता आणि आता त्यांना क्लब विकायचा होता. अमेरिकी गुंतवणूकदारांशी बोलणी लांबत गेली. मे महिन्याचा पूर्ण पगार झाला नाही. आरएफयूने दिलेली मुदत एकदा वाढवली आणि 6 जून 2023 ला क्लबला निलंबित केलं. पिअरसन नॉर्दम्प्टनला गेला आणि पुढच्याच हंगामात विजेता झाला. अरंडेल पॅरिसच्या रेसिंग 92 मध्ये, कनिंगहॅम-साउथ हार्लेक्विन्समध्ये.

महिला संघांचं काय झालं?

याबद्दल फार कमी विचारतात, म्हणून मुद्दाम लिहितो. वॉस्प्सच्या महिला संघाने तो हंगाम खेळून काढला, पण पुढच्या हंगामात वरच्या विभागात तो नव्हता. वूस्टरच्या महिलांना एका स्थानिक कंपनीने हात दिला आणि त्यांनी हंगाम पुरा केला, पण 2023 च्या ऑक्टोबरात त्यांचाही संघ बंद झाला.

त्यानंतर लीगचं काय झालं?

2023-24 पासून दहा संघ आणि प्रत्येकी 18 सामने. 2024 मध्ये नॉर्दम्प्टनने बाथला 25-21 हरवलं, 2025 मध्ये बाथने लेस्टरला 23-21. न्यूकॅसलही 2025 च्या ऑगस्टमध्ये रेड बुलने विकत घेतला, आता त्याचं नाव न्यूकॅसल रेड बुल्स.

आणि बुडालेले तीन क्लब?

कॉव्हेंट्रीचं स्टेडियम 2022 च्या नोव्हेंबरातच माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपकडे गेलं. वॉस्प्सला आधी दुसऱ्या विभागात जागा देऊ केली होती, पण अटी पुऱ्या न झाल्याने 2023 मध्ये तीही काढून घेतली गेली. लंडन आयरिशच्या नावाने अजून व्यावसायिक संघ उतरलेला नाही.

वूस्टर मात्र परतला. 2025 च्या फेब्रुवारीत आरएफयूने त्याला दुसऱ्या विभागात जागा दिली आणि 2025-26 च्या हंगामात वॉरियर्स पुन्हा सिक्सवेजवर खेळायला उतरले, न्यूकॅसलविरुद्धच्या त्या शनिवारनंतर तीन वर्षांनी.